विषाणू, हेर आणि घरचा संगणक : संरक्षणाच्या इतिहासाचा एक विचार

१. विषयप्रवेश

ठाणे शहराच्या बाळकुम भागातून भिवंडीकडे जाणारा रस्ता खाडीवरचा पूल ओलांडून ज्या गावात उतरतो ते गाव कशेळी होय. राजापूर तालुक्यात कनकादित्याच्या देवालयामुळे प्रसिद्ध असलेले कशेळी निराळे. येथे अभिप्रेत आहे ते भिवंडी तालुक्यातील कशेळी. ह्या गावापासून पुढे काल्हेर, पूर्णा, मानकोली ह्या बाजूस गोदामांचा जो विस्तीर्ण पट्टा पसरला आहे, त्याच्या वाढीची जी कारणे सांगितली जातात त्यांत मुंबईची जकात हे एक प्रमुख कारण आहे. मुंबईच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या दाराशी माल साठवून ठेवावा आणि लागेल तेव्हा लागेल तेवढाच नाक्यातून आत न्यावा, ही व्यापाऱ्यांची सोय ह्या पट्ट्याने पुरविली. कापड, औषधे, धान्य ह्यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत विजेवर चालणाऱ्या घरगुती वस्तूही येथे साठू लागल्या, आणि त्यांतच संगणकही आला.

गोदामातून निघालेली संगणकाची पेटी एखाद्या घरात उघडली जाते तेव्हा त्या यंत्राबरोबर एक जबाबदारीही घरात येते. ह्या यंत्राचे रक्षण कोणापासून करावयाचे, ते कोणी करावयाचे आणि कोणत्या साधनाने करावयाचे, ह्या प्रश्नांना गेल्या चाळीस वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा इतिहास, विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात, तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ह्या इतिहासाला एक भाषिक अंगही आहे. त्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. परंतु त्यावाचून हा इतिहास पुरता समजत नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. दोन शब्दांची कुळकथा

लॅटिन भाषेत ‘व्हीरुस’ ह्या शब्दाचा अर्थ विष किंवा विषारी द्रव असा होता. संस्कृतातील ‘विष’ हा शब्द त्याचा सगोत्र होय. दोहोंचे मूळ एकाच भारत-युरोपीय शब्दात आहे. १८९८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक ह्यांनी तंबाखूच्या पानांवरील रोगाच्या कारणाला हा लॅटिन शब्द लावला आणि पुढे तो जीवशास्त्रात रूढ झाला. मराठीत त्यासाठी ‘विष’ आणि ‘अणू’ मिळून ‘विषाणू’ हा शब्द बनविण्यात आला. त्यामुळे मूळ अर्थाचा जो धागा इंग्रजी वाचकाला सहसा दिसत नाही, तो मराठी शब्दात उघडपणे राहिला आहे.

संगणकाच्या क्षेत्रात ह्या शब्दाचा शास्त्रीय प्रवेश १९८३ च्या सुमारास झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन ह्या विद्यार्थ्याने दुसऱ्या आज्ञावलीत आपली प्रत मिसळून देणारी एक आज्ञावली नोव्हेंबर १९८३ मध्ये करून दाखविली. तिला ‘व्हायरस’ हे नाव सुचविले ते त्याचे अध्यापक लेनर्ड एडलमन ह्यांनी. स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्राचा गणिती विचार जॉन फॉन नॉयमन ह्यांनी त्यापूर्वीच केला होता आणि तो १९६६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. परंतु ह्या कल्पनेला लोकांच्या तोंडी बसणारे नाव मिळाले ते ह्या वेळी.

दुसरा शब्द ‘स्पाय’, म्हणजे हेर. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये एका जर्मानिक बोलीतून. त्याचा मूळ धातू पाहणे ह्या अर्थाचा आहे आणि संस्कृतातील ‘स्पश्’ हा त्याचाच बंधू होय. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना ‘स्पश्’ असेच म्हटले आहे, आणि ‘पश्यति’ हे रूपही ह्याच कुळातले आहे. मराठीतील ‘हेर’ आणि ‘हेरणे’ ह्यांची व्युत्पत्ती वेगळी असली तरी अर्थसंबंध तोच आहे. हेरणे म्हणजे नेमके टिपून पाहणे; जो पाहतो तो हेर. संगणकात गुप्तपणे राहून मालकाचे व्यवहार पाहणारी जी आज्ञावली, तिला इंग्रजीत ‘स्पायवेअर’ म्हणतात. तिला मराठीत ‘हेर-आज्ञावली’ म्हणणे सर्वथा सयुक्तिक होईल.

ह्या दोन रूपकांत एक महत्त्वाचा भेद आहे. विषाणूला हेतू नसतो, हेराला असतो. रोग आपोआप होतो. हेर कोणीतरी पाठविलेला असतो. मराठी बोलण्यात ‘संगणकात व्हायरस आला’ असेच वाक्य सर्रास ऐकू येते. त्यात क्रियापद अकर्मक आहे. तो कोणी लिहिला, कोणी धाडला आणि कोणाच्या हातून आत घेतला गेला, हे तिन्ही कर्ते त्या वाक्यात लोप पावतात. वस्तुतः प्रत्येक संगणकीय विषाणू हा मनुष्याने बुद्ध्या लिहिलेला मजकूर असतो. रोगाच्या रूपकामुळे औषध विकत घेतले की झाले अशी जी समजूत घरोघरी रुजली, तिचे मूळ ह्या वाक्यरचनेत थोडेफार तरी शोधता येते.

३. फ्लॉपीचे युग

वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या आरंभीच्या विषाणूंपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेला ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथे निर्माण झाला. बासित फारूक अल्वी आणि अमजद फारूक अल्वी ह्या दोन बंधूंनी तो लिहिला. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघू नयेत हा आपला उद्देश होता, असे त्यांनी पुढे सांगितले. विशेष म्हणजे त्या विषाणूत त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनिक्रमांकही लिहून ठेवले होते. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडून बसे.

भारतातील ह्या काळाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण ‘जोशी’ ह्या विषाणूचे होय. जून १९९० मध्ये तो प्रथम भारतात आढळल्याची नोंद आहे. दर वर्षी ५ जानेवारीस तो जागा होई, संगणकाचे काम थांबवी आणि जोशी ह्यांस वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करण्याची इंग्रजीत आज्ञा करी. त्याप्रमाणे अक्षरे उमटविल्यावाचून यंत्र पुढे चालत नसे. ह्या नावावरून त्याचा कर्ता महाराष्ट्रीय असावा असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु तो टाळला पाहिजे. ‘ज्योतिषी’ ह्या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आलेले ‘जोशी’ हे आडनाव महाराष्ट्राप्रमाणेच गुजरातेत आणि कुमाऊँतही आढळते. शिवाय, ज्याचा वाढदिवस तोच कर्ता, असेही मानण्यास आधार नाही.

वरवर थट्टेचा वाटणारा हा विषाणू रचनेच्या दृष्टीने मात्र कच्चा नव्हता. तो हार्ड डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यात शिरत असे, कळफलकावरील तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी स्मृतीत टिकून राहत असे, आणि कोणी तो भाग वाचू लागल्यास त्याच्यापुढे मूळचा निर्दोष मजकूर ठेवून स्वतःला लपवीत असे. ह्यावरून संरक्षणाचा एक मूलभूत नियम त्या काळच्या जाणकारांच्या ध्यानी आला : ज्या यंत्रावर संशय आहे त्याच यंत्राची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. संगणकाची वीज पूर्णपणे बंद करावी आणि खात्रीच्या, लेखनास बंद केलेल्या फ्लॉपीवरून तो सुरू करून मगच तपासणी करावी, ही पद्धत त्यातून रूढ झाली.

लेखनास बंद करणे म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. सव्वापाच इंचांच्या फ्लॉपीच्या कडेस एक लहानशी खाच असे. तिच्यावर कागदाची चिकटपट्टी लावली की संगणकाला त्या फ्लॉपीवर काहीही लिहिता येत नसे. ती चिकटपट्टी हे घरच्या संगणकाचे पहिले कवच म्हणावयास हरकत नाही. त्यासाठी वेगळा खर्च नव्हता आणि इंग्रजी येण्याचीही गरज नव्हती. फ्लॉपी दुसऱ्याच्या संगणकात घालण्यापूर्वी पट्टी लावावयाची, एवढी शिस्त पुरत असे. परंतु खेळ, पत्रलेखनाच्या आज्ञावल्या, देवनागरी टंक इत्यादींच्या फुकट प्रती मित्रांकडून उतरवून घेण्याची चाल सार्वत्रिक होती, आणि उतरवून घेण्यासाठी ती पट्टी काढावीच लागे. विषाणूचा मार्ग हा देवघेवीचाच मार्ग होता.

ह्याच पार्श्वभूमीवर पुण्यात एका देशी उद्योगाचा उदय झाला. कैलास काटकर हे शालेय शिक्षणानंतर गणकयंत्रांच्या दुरुस्तीच्या कामात शिरले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांचे धाकटे बंधू संजय हे पुण्यातच संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील पुष्कळ यंत्रांत मोडतोड काहीच नसे, विषाणू मात्र असे. तेव्हा संजय ह्यांनी ते काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या लिहिण्यास आरंभ केला. त्यांतून ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ह्या संस्थेने ‘क्विक हील’ हे उत्पादन बाजारात आणले. संस्थेचे नावही पुढे २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ असे झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात आले. अमेरिकेत ह्या धंद्याचा उगम आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या कचेरीत झाला, तर पुण्यात तो दुरुस्तीच्या बाकावर झाला. ही गोष्ट केवळ कौतुकाची नाही. ग्राहकाच्या घरातील यंत्राला प्रत्यक्ष काय होते, हे दुरुस्ती करणाऱ्यास प्रथम कळते, आणि स्थानिक विषाणूंवर स्थानिक उतारा मिळण्याचे महत्त्वही त्यास प्रथम उमगते.

१९९२ मधील ‘मायकेलँजेलो’ ह्या विषाणूचे प्रकरण ह्या काळाच्या शेवटास येते. त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, म्हणजे ६ मार्च रोजी, लक्षावधी संगणकांतील माहिती नष्ट होणार अशी हाकाटी जगभर झाली. प्रत्यक्षातील हानी त्या मानाने फारच अल्प होती. परंतु ह्या भीतीमुळे सामान्य मनुष्यास विषाणूप्रतिबंधक आज्ञावलीचे नाव ठाऊक झाले आणि तिच्या विक्रीस चालना मिळाली, हा तिचा चिरस्थायी परिणाम होय.

४. तारेवरून येणारा शत्रू

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. मुंबई हे त्या पहिल्या शहरांपैकी एक होते. तेथपासून विषाणूला फ्लॉपीची गरज उरली नाही. तथापि जुनी वाट एकदम बंद झाली असे मात्र नव्हे. तैवानमधील चेन इंग-हाउ ह्या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला, तेव्हा भारतासह आशियातील अनेक देशांत त्याने मोठी हानी केली. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताची तीच तारीख असल्यामुळे तो ‘चेर्नोबिल’ ह्या नावाने ओळखला गेला. तो हार्ड डिस्कवरील माहिती पुसून टाकीच, परंतु काही यंत्रांत मुख्य पट्टिकेवरील ज्या चिपच्या आधारे संगणक सुरू होतो तिच्यातील मजकूरही नष्ट करी. मग ती चिप बदलण्यावाचून गत्यंतर नसे. आज्ञावली यंत्राच्या अंगाला हात लावू शकत नाही, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली.

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून निघालेले एक ‘प्रेमपत्र’ ई-मेलने जगभर पोहोचले. पत्र ओळखीच्याच माणसाच्या नावे येई. ते उघडले की घेणाऱ्याच्या पत्तेवहीतील प्रत्येकास त्याची प्रत जाई. जोडलेल्या मजकुराच्या नावाचा शेवटचा भाग पडद्यावर दिसत नसल्यामुळे ते साधे पत्रच वाटे. येथे यंत्राच्या रचनेतील दोषापेक्षा मनुष्याच्या विश्वासाचाच उपयोग अधिक झाला होता. फिलिपिन्समध्ये त्या वेळी अशा कृत्यास लागू पडेल असा कायदा नव्हता, म्हणून संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले.

भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात संगणकीय विषाणूची व्याख्या आहे आणि परवानगीवाचून तो दुसऱ्याच्या संगणकात घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली आहे. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, असे कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास ते शिक्षापात्र ठरविले. ह्या कलमाच्या मुळाशी एकच कसोटी आहे, ती म्हणजे मालकाची परवानगी. ही कसोटी वरकरणी अगदी स्वच्छ दिसते. पुढील प्रकरणात तिचीच अडचण झाली.

५. परवानगी घेऊन येणारा हेर

२००० च्या आगेमागे एका नव्या प्रकारच्या आज्ञावल्या घरच्या संगणकांत आढळू लागल्या. त्या काही नष्ट करीत नसत, स्वतःच्या प्रतीही काढीत नसत. फुकट मिळणारे एखादे गाणी ऐकण्याचे साधन, पडद्यावरचे चित्र किंवा एखादी खिडकीपट्टी ह्यांच्याबरोबर त्या येत, आणि घरचा मनुष्य कोणती पाने पाहतो, काय विकत घेतो ह्याची टिपणे मालकास धाडीत. त्यांतील अधिक घातक आज्ञावल्या कळफलकावर उमटणारे प्रत्येक अक्षर नोंदवीत. गुप्त परवलीचा शब्दही त्यातून सुटत नसे.

विषाणू शोधणाऱ्या आज्ञावल्यांपुढे येथे एक विलक्षण पेच उभा राहिला. ह्या हेर-आज्ञावल्यांपैकी पुष्कळ आज्ञावल्या घरमालकाच्या ‘संमतीने’ आलेल्या होत्या. स्थापनेच्या वेळी लांबलचक इंग्रजी करार पडद्यावर येई, खाली ‘मान्य आहे’ अशा अर्थाची कळ असे, आणि ती दाबली गेलेली असे. मग तिला चोर म्हणावयाचे की पाहुणा? आरंभी ह्या पेचामुळे विषाणूप्रतिबंधक उत्पादने मागे राहिली आणि हेर काढून टाकणारी ‘ॲड-अवेअर’, ‘स्पायबॉट’ ह्यांसारखी स्वतंत्र साधने निघाली. मोठ्या कंपन्याही ह्या दोषापासून मुक्त नव्हत्या. २००५ मध्ये सोनी बीएमजी ह्या संगीतकंपनीच्या काही तबकड्या संगणकात घालताच नक्कल रोखण्यासाठी एक आज्ञावली लपून बसते, हे मार्क रुसिनोविच ह्या तज्ज्ञाने उघडकीस आणले, तेव्हा मोठाच गहजब झाला.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारसंचाद्वारे ‘फायरवॉल’ ही तटबंदी आपोआप चालू ठेवण्यास आरंभ केला. पुढे हेर शोधण्याचे साधन आणि त्यानंतर विषाणूप्रतिबंधक साधनही विंडोजमध्येच अंतर्भूत झाले. २०१२ च्या विंडोज ८ पासून ते वेगळे घेण्याची सक्ती उरली नाही. मध्यंतरी पेन ड्राइव्हने फ्लॉपीची गादी चालविली. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘कॉन्फिकर’ ह्या कृमीने पेन ड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होण्याच्या सोयीचा लाभ उठविला. ती सोय जुन्या विंडोजमध्ये अद्ययावतीकरणाद्वारे बंद होण्यास फेब्रुवारी २०११ उजाडले. फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीसारखे साधे कवच मात्र बहुतेक पेन ड्राइव्हना कधी मिळालेच नाही.

६. नाका उठला तो आठवडा

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली पसरली. तिचा उगम हिशेबाच्या एका प्रतिष्ठित आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणात होता. मर्स्क ह्या डॅनिश जहाजकंपनीची संगणकव्यवस्था त्यामुळे कोलमडली, आणि तिच्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावाशेवा येथील गेटवे टर्मिनल्सचे काम ठप्प झाले. ज्या बंदरातून कंटेनर निघून कोकण आणि ठाणे जिल्ह्यातील गोदामांकडे येतात, त्या बंदराचा एक भाग युक्रेनमधील हिशेबनिसांच्या आज्ञावलीमुळे बंद पडावा, ही घटना ह्या विषयाच्या अभ्यासकास विचारात पाडणारी आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. कशेळीच्या गोदामांना जन्म देणाऱ्या कारणांपैकी एक नाहीसे झाले. गोदामे मात्र राहिली, किंबहुना वाढली. ह्या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, हे सांगणे नको. परंतु त्यांच्या शेजारी एक विचार ठेवता येतो. विषाणूप्रतिबंधाची जुनी कल्पना ही जकातनाक्याची कल्पना होती : हद्दीवर एक चौकी असावी, येणारा प्रत्येक माल तिने यादीशी ताडून पाहावा आणि यादीत ज्याची नोंद आहे त्यास अडवावे. नॉटपेट्या ज्या वाटेने आली ती वाट विश्वासू मानलेल्या पुरवठादाराची होती. तिने वापरलेल्या एका दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केला होता आणि तो अंगीकारलेल्या यंत्रांना ती वाट बंद होती. तथापि एकदा आत शिरल्यावर चोरलेल्या परवलींच्या साह्याने ती अशा यंत्रांतही पोहोचू शकली. सीमेवरची तपासणी आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

पुढील वर्षी, ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत घुसखोरी करून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. येथे लक्ष्य घरचा संगणक नव्हता. परंतु अठ्ठावीस वर्षांपूर्वी शुभेच्छा मागणारा विषाणू आणि ही घटना ह्यांमधील अंतर पाहिले म्हणजे ह्या विद्येचा प्रवास लक्षात येतो. आरंभी खोडी होती, मग कीर्तीचा हव्यास आला आणि अखेरीस तो व्यवसाय झाला.

७. साधनांचे सामर्थ्य व मर्यादा

विषाणूप्रतिबंधक आज्ञावली मुख्यतः दोन प्रकारे काम करते. पहिला प्रकार खुणेचा : ज्ञात विषाणूंच्या शरीरातील विशिष्ट अक्षरमालिका तिच्या सूचीत असतात आणि प्रत्येक धारिका त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. सूची शिळी झाली की हा उपाय लंगडा पडतो. दुसरा प्रकार वर्तनाचा : एखादी आज्ञावली एकाएकी शेकडो धारिका कुलूपबंद करू लागली, किंवा दुसऱ्या आज्ञावलीच्या स्मृतीत लिहू लागली, तर तिला अडविले जाते. येथे निर्दोषास अडविण्याचा धोका राहतो. ह्या दोन्ही पद्धती परिपूर्ण होणे शक्य नाही, हे कोहेन ह्यांनी आपल्या आरंभीच्या संशोधनातच सिद्ध केले होते. कोणतीही आज्ञावली विषाणू आहे किंवा नाही हे प्रत्येक बाबतीत अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. ‘शंभर टक्के संरक्षण’ ह्या जाहिरातीस गणिताचा पाठिंबा नाही, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

म्हणून घरच्या संरक्षणाची भिस्त एका साधनावर न ठेवता ती अनेक साध्या सवयींवर वाटून द्यावी लागते. यंत्रप्रणाली आणि न्याहाळक वेळच्या वेळी अद्ययावत करणे ही पहिली सवय होय. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यावर चालणारे जुने यंत्र सुधारणा मिळविण्याची वेगळी तजवीज केल्यावाचून इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे, म्हणजे चुकून आत आलेल्या आज्ञावलीलाही तेवढेच अधिकार मिळतात. बँकेसाठी वेगळी परवली असावी आणि तिच्या जोडीस दुसरी ओळखखूण असावी. महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीवर ह्याहून खात्रीचा उतारा दुसरा नाही. जुन्या चिकटपट्टीमागील तत्त्व ह्या सुट्या ठेवलेल्या डिस्कमध्ये पुन्हा भेटते : ज्या वस्तूवर लिहिताच येत नाही, ती बिघडवता येत नाही.

सार्वजनिक साहाय्याचीही काही साधने आहेत. जानेवारी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था धोक्याच्या सूचना प्रसिद्ध करते. तिच्याच वतीने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले, आणि तेथे बाधित यंत्र साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. पैसे गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविणे अगत्याचे असते, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवून धरण्याची शक्यता अधिक असते.

८. संमतीची भाषा

आज कशेळीसारख्या गावातील पुष्कळ घरांत पहिला संगणक म्हणजे खिशातला मोबाइल होय. त्यावर लग्नपत्रिकेच्या, वीजबिलाच्या किंवा बँकेच्या सूचनेच्या नावाने एखादी आज्ञावली येते. निमंत्रण म्हणून ती उघडली जाते. ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली जाते आणि बँकेकडून आलेला परवलीचा आकडा परस्पर तिसऱ्याच्या हाती पडतो. २००० सालचे प्रेमपत्र आणि आजची लग्नपत्रिका ह्यांची युक्ती एकच आहे. फरक इतकाच की, आता मध्ये परवानगी विचारली जाते, आणि ती विचारणारी वाक्ये बहुधा इंग्रजीत किंवा भाषांतराच्या कृत्रिम मराठीत असतात.

गोदामात पाळीवर काम करणारा मनुष्य, यंत्रमागावर बसणारा कारागीर किंवा घरातील वृद्ध स्त्री ह्यांपैकी कोणीही निर्बुद्ध नाही. अनोळखी माणसास घरात घ्यावे की न घ्यावे, हे त्यांस चांगले कळते. परंतु दारावर उभा असलेला मनुष्य कोण आहे आणि काय मागतो आहे, हेच ज्या भाषेत सांगितले जाते ती त्यांची नाही. अशा स्थितीत दिलेल्या होकाराला कायदा संमती म्हणतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो केवळ कळ दाबण्याचा आवाज आहे. अर्थबोधावाचून संमती होत नाही.

ह्या दृष्टीने २०२३ चा अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम लक्षणीय आहे. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीस मिळाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ह्या अनुसूचीत मराठी आहे. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. चोरटा हेर हा कायदा पाळणार नाही, हे उघड आहे. परंतु प्रामाणिक संस्थांच्या सूचना सुबोध मराठीत येऊ लागल्या, तर मराठी घराला त्या वाचण्याची सवय लागेल, आणि वाचण्याची सवय लागलेल्या डोळ्यास अप्रामाणिक सूचना अधिक लवकर खटकेल.

येथे विद्यापीठांच्या भाषाविभागांचे काम सुरू होते. पारिभाषिक कोशात शब्द घालणे हे त्यातील अर्धेच काम झाले. ‘ह्या आज्ञावलीला तुमचे सर्व संदेश वाचता येतील’ हे वाक्य आणि ‘संदेश-अभिगमाची अनुमती प्रदान करा’ हे वाक्य, ही दोन्ही मराठीच आहेत. परंतु त्यांपैकी पहिलेच घराचे रक्षण करू शकते. फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीचा अर्थ कोणासही समजत असे, हेच तिचे बळ होते. त्या तोडीचे सुबोध कवच परवानगीच्या वाक्यांना मिळवून देणे हे ज्यांना मराठीची जाण आहे त्यांचे कर्तव्य होय, आणि ते केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.